लाभार्थी: निरंक

कुंभकोणम,
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६

चि. वेदवतीस रघूत्तमकाकाचे अनेक आशीर्वाद.

मंगळवारचा दवाखाना ३१ मार्चला बंद होणार. राजगोपालने आज सकाळी सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला. मला खरं वाटेना, म्हणून पोस्टात जाऊन तंजावरला ट्रंककॉल लावला. जिल्ह्याच्या कार्यालयातले अधीक्षक म्हणाले, "होय सुभेदार, आदेश मद्रासहून आलाय. आमच्या हातात काही नाही."

राजगोपालला तू पाहिलेलं नाहीस. सरकारने दिलेला कंपाउंडर. वैद्यर सुब्रह्मण्य सांगतील तसं तेल कढवतो, पट्ट्या बांधतो. वैद्यर दर मंगळवारी तिरुविसनल्लूरहून पहिल्या बसने येतात. भाड्याची एक खोली, दोन लाकडी बाकं, तेलाची कढई. एवढाच दवाखाना. तीन वर्षं आम्ही एकतीस माजी सैनिक तिथे जातोय.

कागदावर काय आहे ते उतरवून देतो: "माजी सैनिकांसाठी पर्यायी उपचारांची प्रायोगिक योजना. वार्षिक खर्च रुपये १८,४००. तीन आर्थिक वर्षांतील लाभार्थी: निरंक. सबब पुढील अर्थसंकल्पात तरतूद प्रस्तावित नाही. साहित्याची नवी खरेदी तात्काळ थांबवावी."

निरंक. राजगोपाल हे वाचत होता तेव्हा त्या खोलीत अकरा जण उघड्या अंगाने तेल लावून बसले होते. एकोजी म्हणाला, "सुभेदार, मी नाहीच म्हणे. मग हा गुडघा कोणाचा दुखतोय?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आणि पर्यायी कशाला पर्यायी? सिद्ध या जुन्या तमिळ वैद्यकाने आमच्या गावात हाडं सांधली जात होती तेव्हा मद्रासला सचिवालयाची इमारतही नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत माझ्या कमरेत लोखंड शिरलं. लष्करी डॉक्टरांनी ते काढलं, त्यांचे उपकार आहेत. पण काठी सुटली ती याच खोलीत.

तू सचिवालयात आहेस, तेही अर्थखात्यात. हे ज्याने लिहिलं त्याचं नाव मला हवंय. एकतीस जणांच्या सहीने त्याच्याविरुद्ध अर्ज करणार आहे. ज्या माणसाने खोलीचं दार उघडून आत पाहिलं नाही, त्याला 'निरंक' लिहायचा अधिकार कोणी दिला?

तुझा,
रघूत्तमकाका


मद्रास,
सोमवार, १७ फेब्रुवारी १९८६

ती. रघूत्तमकाकांस वेदवतीचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण अर्ज करायची घाई करू नका.

इथली पद्धत तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते. जानेवारीत आम्हाला यादी मिळते. या वर्षी चौदा लहान योजना होत्या, त्यांतल्या निदान आठ कमी करा असं वरून सांगितलं होतं. प्रत्येक योजनेचं एक पान. पानावर खर्च आणि लाभार्थी. लाभार्थी म्हणजे ज्यांनी पैशांचा दावा दाखल केला ते. तुमच्या योजनेत वैद्यांची फी सैनिकाने आधी द्यायची, पावती जोडून दावा करायचा आणि सरकारने ती परत करायची असं ठरलं होतं. तीन वर्षांत एकही दावा आला नाही. दरमहा तिथूनच फॉर्म येतो आणि त्यात तिथलाच माणूस 'निरंक' लिहितो. मग इथे बसलेल्याने काय समजायचं? खर्च अठरा हजार आणि माणूस एकही नाही, अशी योजना कोणीही वाचवू शकत नाही.

टिपणी लिहिणाऱ्याचं नाव बाहेर सांगता येत नाही. त्याने समोरचा कागद वाचला, एवढाच त्याचा दोष.

कंबर पुन्हा दुखू लागली तर तंजावरच्या मोठ्या रुग्णालयात हाडांचे चांगले डॉक्टर आलेत असं ऐकते. मी चिठ्ठी देऊ शकेन. सोबत मलमाच्या दोन डब्या पाठवतेय.

आपली,
वेदवती


कुंभकोणम,
रविवार, २३ फेब्रुवारी १९८६

चि. वेदवतीस आशीर्वाद.

मलम परत पाठवतोय. रागावून नव्हे, त्याने अंगावर पुरळ उठतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लिहिलंस घरच्या मराठीत, पण ऐकू आलं ते कचेरीतलं. असो. दाव्यांचं तू म्हणालीस ते खरं निघालं. आणि त्याला कारण मी आहे.

वैद्यर हातात पैसा घेत नाहीत. त्यांच्या गुरूंची शपथ आहे. बरं केलेल्या माणसाच्या हातून नाणं घ्यायचं नाही, त्याने किती दिलं हे पाहायचंही नाही. दाराशी तांदळाने भरलेलं पितळेचं माप असतं. जायच्या वेळी मूठ त्या तांदळात खुपसायची, असेल ते आत सोडायचं आणि निघायचं. मुठीत दहाची नोट आहे की रिकामी मूठ आहे, कोणाला कळत नाही. गरिबाची लाज राहते. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये, पहिल्याच मंगळवारी, राजगोपालने आम्हाला दाव्याचे छापील कागद वाटले. मी ते सगळे गोळा केले आणि म्हणालो, "वैद्यरांकडे कोणी पावती मागायची नाही. हा हुकूम समजा." निवृत्त सुभेदाराचा हुकूम कोण मानतो? यांनी मानला. तीन वर्षं एकतीस जणांनी पदरचे पैसे घातले आणि सरकारकडे एक पैसा मागितला नाही. सरकारने त्याचा अर्थ असा काढला की कोणी आलंच नाही.

काल तिरुविसनल्लूरला गेलो. वैद्यर ओसरीवर मुळ्या निवडत होते. म्हटलं, "मागच्या तारखांच्या पावत्या द्याल का? नाहीतर दवाखाना जातोय."

ते म्हणाले, "सुभेदार, तुम्ही किती घातलेत?"

"कधी पाच, कधी दोन."

"ते तुम्ही सांगताय. मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या पैशाची पावती मी कशी लिहू?"

"खोली बंद होईल, अय्या."

"होईल. मग माझ्या ओसरीवर या. हात माझे आहेत, ते कोणी बंद करत नाही. पण तेल कुठून आणू? ते एका कढईला दोन महिने गोळा केलेल्या मुळ्या खातं."

खरेदी थांबली आहे. राजगोपाल म्हणतो, असलेलं तेल पुढच्या मंगळवारपर्यंत पुरेल.

तिथून सुंदरपेरुमाळ कोयिलला गेलो, आमच्यातल्या नायक सुंदरेशकडे. त्याच्या उजव्या खांद्यातून गोळी गेली होती. दहा वर्षं बायको त्याला घास भरवत होती, आणि दुखण्यावर रोज रुग्णालयाच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी पोटात व्रण झाला. वैद्यरांकडे यायला लागल्यावर गोळ्या सुटल्या, आणि गेल्या पोंगलला तो स्वतःच्या हाताने जेवला. त्याच्या बायकोला, शिवकामीला, सगळं सांगितलं. ती पाट्यावर वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्या हुकमाने दवाखाना गेला. आता तुमच्याच हुकमाने ह्यांचा खांदा दुखायचा थांबवा." सुंदरेश तिला गप्प करत होता. मी म्हटलं, बोलू दे.

माझी चूक मी मानतो. पण वेदा, राजगोपालकडे हजेरीची वही आहे. नाव, तारीख, कुठे दुखतं, किती तेल. तीन वर्षांत १,६१२ नोंदी आहेत. तुमच्या फॉर्मात तिला रकाना नाही. चौकशीचं एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर कळलं असतं. पंधरा पैसे. तेवढे खर्चायला कोणती तरतूद लागत होती?

त्या टिपणीवाल्याचं नाव तू कळव किंवा नको कळवू. अर्ज पुढच्या सोमवारी जाणार.

रघूत्तमकाका


मद्रास,
शनिवार, १ मार्च १९८६

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

अर्जात नाव घालायचं असेल तर माझं घाला. टिपणी मी लिहिली.

पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं. तुम्ही नाव विचारलंत आणि मी आडोसा घेतला.

अप्पा गेल्यावर तुमच्या पगारातून माझी फी जात होती. सीमेवरून मनीऑर्डर यायची, काकू ती देवापुढे ठेवून मग मला द्यायची. त्या पैशांवर शिकून मी या खुर्चीवर बसले. आणि चौदा पानांमधलं सर्वांत सोपं पान म्हणून तुमचंच पहिलं घेतलं. दहा मिनिटं लागली. उपसचिवांनी समासात लिहिलं, 'सुस्पष्ट'.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. नऊ वर्षांची असताना माझा हात मोडला होता, आठवतं? तुम्ही रजेवर आला होतात. याच वैद्यरांनी बसवला. निघताना तुम्ही माझ्या मुठीत चार आणे दिलेत आणि ती मूठ तांदळात घालायला लावलीत. पानावर 'वैद्य सुब्रह्मण्य, तिरुविसनल्लूर' असं लिहिलेलं होतं. मला ते माप आठवलं, काका. तेव्हाच आठवलं. हे पावती देत नसणार, मग दावे कुठून येतील, हेही मनात येऊन गेलं. पण दुपारपर्यंत आठ पानं द्यायची होती, आणि मनात आलेलं लिहायला फाईलमध्ये जागा नसते. मी स्वतःला सांगितलं की तो माझा प्रश्न नाही.

आता कामाचं. अंदाजपत्रक छापायला गेलंय. तरीही जुनी टिपणी चुकीची होती अशी नवी टिपणी मी ठेवू शकते. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. हजेरीच्या वहीची राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली नक्कल. एकतीस जणांच्या सह्या. आणि दावे का आले नाहीत याचं लेखी निवेदन, तुमच्या नावाने. त्यात तुम्ही दिलेला हुकूम लिहावा लागेल. गोलमाल लिहिलंत तर इथे कोणी विश्वास ठेवणार नाही. सगळं १० तारखेच्या आत हवं.

वेदवती


कुंभकोणम,
गुरुवार, ६ मार्च १९८६

चि. वेदवतीस,

पाकीट रजिस्टरने पाठवतोय. वहीची नक्कल बेचाळीस पानं झाली. राजगोपालने तीन दिवस बसून केली. साक्षांकनासाठी इथल्या कॉलेजातले एक प्राध्यापक तयार झाले. पान पान ताडून पाहिलं त्यांनी. त्यांना सचिवालयात बसवायला हवं.

सह्या तीसच आहेत. सुंदरेशची नाही. तेल संपलं तसा खांदा ठणकायला लागला. कोणाला न सांगता त्याने जुन्या गोळ्या काढल्या. सोमवारी सकाळी रक्ताची उलटी झाली. शिवकामीने पापनाशमहून टॅक्सी केली. आता तंजावरच्या रुग्णालयात आहे, सलाईनवर, दोन बाटल्या रक्त दिलं. काल जाऊन आलो. शिवकामीने मला स्टूल दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसली.

हा खर्चही सरकारच करतंय ना? खाट, रक्त, सलाईन, गोळ्या? तो तुझ्या त्या पानावर का नव्हता? म्हणून आणखी एक पाकीट जोडलंय. आमच्या लोकांची रुग्णालयातून सोडल्याची कार्डं. पलटणीतला माणूस कागद टाकत नाही, सगळ्यांच्या ट्रंकेत निघाली. योजनेच्या आधीच्या वर्षी आम्ही एकतीस जण मिळून ४०६ दिवस सरकारी खाटेवर होतो. गेल्या वर्षी ५८. बेरीज तू तपासून घे.

निवेदनही आत आहे. 'पावती मागू नये असा तोंडी हुकूम मी दिला व त्याची जबाबदारी माझी आहे.' हे वाक्य मी तीनदा लिहिलं. आमच्या एकतिसांतला व्यंकोजी बाजूला बसून पाहत होता. म्हणाला, "सुभेदार, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःलाच शिक्षा देताय. रजिस्टरने पाठवताय ना, की पळून जाल?"

तुझ्याबद्दल काही लिहायचं राहिलंय. तू दहा मिनिटांत लिहिलंस याचा राग नाही. मीही दोन वाक्यांत हुकूम दिला होता. पण तुला आठवलं होतं आणि तू लिहिलं नाहीस. 'फाईलमध्ये जागा नसते' ही पळवाट तू काढलीस, मी तशी काढली नाही. त्या पळवाटेचा मला राग आहे आणि तो लगेच जाणार नाही. तेव्हा आशीर्वाद या पत्रात नाहीत. काम मात्र नीट कर.

रघूत्तम


मद्रास,
बुधवार, १९ मार्च १९८६

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

आजवर काय झालं ते क्रमाने लिहिते.

पाकिटं ८ तारखेला मिळाली. १० ला मी नवी टिपणी ठेवली: माझी आधीची टिपणी अपुऱ्या माहितीवर होती, माहिती मिळवण्याची जबाबदारी माझी होती. उपसचिवांनी बोलावलं. ते म्हणाले, "अहो, स्वतःच्याच टिपणीविरुद्ध टिपणी? कोणी करतं का?" मी म्हटलं, मी केली.

मग खाटांचे आकडे दाखवले. साडेतीनशे दिवस वाचलेत. त्यांनी ते नीट पाहिले. माणूस हुशार आहे, त्याचंच दुःख वाटतं. म्हणाले, "बरोबर आहे. पण वाचलेले पैसे आरोग्य खात्याच्या शीर्षाखाली वाचले, आणि खर्च होतोय सैनिक कल्याणाच्या शीर्षाखाली. त्यांच्या बचतीसाठी आपण खर्च का दाखवायचा?"

मी विचारलं, "सर, सरकार एकच आहे ना?"

ते म्हणाले, "अंदाजपत्रकात नाही."

मी तेव्हा उठून बाहेर आले, काका. खोलीत थांबले असते तर काहीतरी बोलून बसले असते. अकरा वर्षं या इमारतीत काढली, तिच्या जिन्यावर बसून कधी रडले नव्हते. परत आत गेले आणि म्हटलं, मी आरोग्य खात्याला प्रत पाठवणार. त्यांनी विचारावं की त्यांच्या खाटांचे साडेतीनशे दिवस कोणी वाचवले. ते पाठवू नका म्हणाले. मी आधीच पाठवली होती.

शनिवारी आरोग्य खात्याने फाईल मागवली. काल निर्णय झाला. योजना अंदाजपत्रकातून पूर्ण काढलेली नाही. एक हजार रुपयांची सांकेतिक तरतूद ठेवली आहे, म्हणजे नाव जिवंत राहील. उरलेली रक्कम पहिल्या पुरवणी मागणीत मागता येईल, जुलै-ऑगस्टमध्ये. पण तोवर खोलीचं भाडं आणि राजगोपालचा पगार चालू ठेवायचा की नाही, हे प्रत्यक्ष पाहणीवर ठरेल. मद्रासहून एक अधिकारी मंगळवार ८ एप्रिलला तिथे येऊन उपस्थित रुग्ण मोजतील. हजेरीची वही त्यांना पुरेशी वाटत नाही.

मला 'खुलासा सादर करावा' असा मेमो मिळालाय. दोन परस्परविरुद्ध टिपण्या लिहिल्याबद्दल. पहिल्या टिपणीबद्दल नाही.

सुंदरेशमामा कसे आहेत?

वेदवती


कुंभकोणम,
मंगळवार, २५ मार्च १९८६

चि. वेदवतीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मेमोचा भागही. मग एकोजी म्हणाला, "पोरीला म्हणावं, खुलाशाला सह्या लागल्या तर आमच्या तीस तयार आहेत."

आता इथलं. राजगोपाल ३१ ला किल्ली तंजावरला जमा करणार. आदेश आहे, त्याचा इलाज नाही. म्हणजे ८ तारखेला मोजणारे येतील तेव्हा दवाखान्याला कुलूप असेल. रुग्ण मोजायचे आहेत आणि दाराला कुलूप घालायचं आहे, ही दोन्ही पत्रं एकाच खात्याची. आम्ही घरमालकाला विचारलंय. त्याच्या ओसरीवर बसणार. वैद्यर येतो म्हणालेत. राजगोपालला त्या दिवसाचा पगार मिळणार नाही, तोही येणार.

काही जण म्हणत होते, घरची चार माणसं जास्त बसवू, आकडा चांगला दिसेल. मी नको म्हटलं. हुकूम नाही दिला या वेळी, विचारलं. सगळे नको म्हणाले. आम्ही आहोत तेवढेच मोजा.

तुझ्या वरिष्ठांना माझा एक प्रश्न कळव. त्या अधिकाऱ्याचा पहिल्या वर्गाचा प्रवास, दोन दिवसांचा भत्ता आणि विश्रामगृह, हे कोणत्या शीर्षाखाली? राजगोपालने हिशेब केला: तेवढ्यात आमच्या कढईला चार महिने मुळ्या आल्या असत्या. त्याला म्हटलं, ही बेरीज भिंतीवर लिही, साहेबांना बसल्या जागेवरून दिसेल अशी.

सुंदरेश अजून खाटेवर आहे. बावीस दिवस झाले. कालपासून पेज खातोय, शिवकामीच्या हाताने. ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "आठ तारखेला यांनाही नेणार का मोजायला?" डॉक्टर म्हणतात, रक्त पुन्हा पडलं नाही तर सात तारखेला सोडतील. सोडलं तर मी तंजावरहून त्याला पहिल्या गाडीने घेऊन येईन, झोपवून आणावं लागलं तरी. नाही सोडलं तर अधिकारी तीस लिहितील. एकतिसावा त्या वेळी दुसऱ्या शीर्षाखाली असेल.

तुझा,
रघूत्तमकाका